मोटारीच्या मागच्या कमानी

व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि समाजकारण यांना मानाचे पान मिळते. मोटारीच्या कमानींना ते क्वचितच मिळते. तरीही उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यात औचित्य आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर छोट्या कारखानदारीवर वाढले, अंबरनाथला आयुध कारखाना आणि औद्योगिक वसाहत आली. लेथ आणि वेल्डिंग यांवर बसलेला हात या पट्ट्यात शोधावा लागत नाही. एखाद्या हौशी गृहस्थाने जुनी स्पोर्ट्‌स कार मिळवली आणि तिच्या मागे बाहेरच्या बनावटीच्या कमानी व शॉकअप बसवायचे ठरवले, तर ते काम येथे होऊ शकते. प्रश्न एवढाच, की आपण नेमके काय बदलत आहोत हे मालकाला आणि कारागिराला ठाऊक आहे काय?

गाडीच्या मागच्या बांधणीची कामे दोन. गाडीचे वजन पेलणे हे पहिले. रस्ता कसाही असो, टायर त्याला टेकलेला ठेवणे हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. कमान वजन पेलते व उसळी घेते. शॉकअप ती उसळी जिरवतो. टायर रस्त्यावरून सुटला, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. म्हणून ‘कडक कमान म्हणजे सुरक्षित गाडी’ हा समज चुकीचा आहे. खड्ड्यांच्या, ओल्या रस्त्यावर फार कडक कमानीची गाडी उड्या मारते. आणि वळणावर केवळ मागची बाजू कडक केली, तर शेपूट आधी घसरते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या ट्रायंफ कंपनीने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही छोटी स्पोर्ट्‌स कार काढली. तिची मागची बांधणी ‘हेरल्ड’ या गाडीवरून घेतली होती, आणि तीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होत असे. या बांधणीत पाट्यांची एकच कमान आडवी, डिफरन्शियलच्या डोक्यावर बसवलेली असते आणि तिच्या दोन टोकांना दोन चाके असतात. आस अखंड नसतो. त्याचे दोन तुकडे डिफरन्शियलपाशी सांध्यावर हलतात. त्यामुळे चाक सरळ वर-खाली न होता, दाराची फळी बिजागरीवर फिरावी तसे फिरते.

सपाट रस्त्यावर ही सोय सुखाची वाटते. परंतु वेगाने वळताना बाहेरचे चाक गाडीचा मागचा भाग वर उचलू लागते. अशा वेळी चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की वजन पुढे सरकते, मागचा भाग आणखी उचलला जातो, चाक खालून आत दुमडते आणि टायर काठावर उभा राहतो. मग गाडी गर्रकन फिरते. वेग दुप्पट झाला तर त्याच वळणावरचा बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, हेही ध्यानात घ्यावे. याच जातीचा दोष अमेरिकेच्या शेव्हरले ‘कॉर्व्हेअर’ या गाडीच्या सुरुवातीच्या नमुन्यांत होता. १९६५ साली राल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकातून त्यावर कोरडे ओढले आणि वाहनसुरक्षेचा प्रश्न तेथे चव्हाट्यावर आला. ट्रायंफने पुढे १९७० च्या स्पिटफायरमध्ये कमानीची बरीच पाने मध्यभागी मोकळी ठेवून दोष सौम्य केला. मद्रासच्या कंपनीने १९७२ च्या ‘गॅझेल’मध्ये अखंड आसच बसवला.

बाजारात मिळणाऱ्या नव्या जोडणीचा हेतू आता कळेल. कमी उंचीची कमान लावली की चाके वरून किंचित आत झुकतात आणि दुमडण्याचा धोका दूर सरतो. पण गाडीचे पोट खाली येते. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सौम्य चढाचा असतो. गल्लीतला गतिरोधक या मापाला बांधील राहील याची खात्री कोण देणार? म्हणून आमच्या रस्त्यांवर गाडी दिसायला बसकी करण्याचा मोह टाळावा. उंची कारणापुरतीच कमी करावी.

बसवण्यापूर्वी जुने बुश, सांधे आणि बेअरिंग तपासावेत. पुष्कळदा दोष कमानीत नसून झिजलेल्या रबरात असतो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत. या गाडीत चाकाच्या खाली जाण्यावर शॉकअपचाच लगाम असतो; तो सोडण्यापूर्वी चाकाच्या खांबाला खालून आधार द्यावा. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन पडल्यावर शेवटचे आवळावेत; चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर दोन्ही बाजूंची उंची मोजावी, चाकांची सरळ रेषा तपासून घ्यावी आणि पहिली फेरी सावकाश मारावी. थोडे चालवल्यावर सर्व बोल्ट पुन्हा पाहावेत.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी कल्याणच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी, विमा कंपनीलाही कळवावे.

जुनी गाडी जपणे हा छंद चांगला आहे. त्यात यंत्राबद्दल आदर आहे, कारागिराच्या हाताला काम आहे. पण रस्ता एकट्या मालकाचा नसतो. कडेने शाळेतून परतणारी मुले चालतात, समोरून दुचाकीवर कुटुंब येते. मागची कमान बदलताना आपण त्यांच्याही सुरक्षिततेला हात घालतो. ही जाणीव ठेवून, मोजून-मापून केलेले काम हीच खरी कारागिरी होय.