विश्लेषण : शेण चालते, मग कुत्र्याची विष्ठा खतात का नको?

वाशीम जिल्ह्यात शेण कोणी वाया घालवत नाही. ते शेतात जाते, त्याच्या गोवऱ्या होतात, अंगण सारवले जाते. त्यामुळे पाळीव कुत्र्याने रस्त्याकडेला केलेली घाणही ‘मातीत मिसळून जाईल’ म्हणून तशीच सोडली जाते. हा समज का चुकीचा आहे आणि ही घाण टाकायची तरी कुठे?

शेण आणि कुत्र्याची विष्ठा यात फरक काय?

गाय-बैल चारा खातात, त्यामुळे शेणात मुख्यतः न पचलेला चारा असतो. कुत्रा-मांजर मांस खाणारे प्राणी आहेत. त्यांच्या आतड्यातले काही कृमी माणसालाही बाधतात. खत करताना हे कृमी मरायचे तर ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन काही दिवस टिकावे लागते. परसबागेतल्या लहान खड्ड्यात किंवा कुंडीत तेवढी उष्णता तयार होत नाही. म्हणून ही विष्ठा भाजीच्या वाफ्यात किंवा घरच्या खतात नको.

धोका कोणाला?

सर्वाधिक लहान मुलांना. ‘टोक्सोकारा’ या गोल कृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळून हात तोंडात घातला की ती पोटात जातात. अळ्या यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा ‘टोक्सोप्लाझ्मा’ गर्भाला घातक ठरू शकतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी मांजराची घाण काढू नये. लस न झालेल्या पिल्लांना ‘पार्व्हो’ची लागणही विष्ठेतूनच होते.

लगेच उचलल्याने काय साधते?

बरेच काही. टोक्सोकाराची अंडी ताज्या विष्ठेत असली तरी तेव्हा ती लागण करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. टोक्सोप्लाझ्माला एक ते पाच दिवस पुरतात. म्हणजे कुत्र्याची घाण त्याच वेळी आणि मांजराची रोजच्या रोज उचलली, तर धोका सुरू होण्याआधीच टळतो. पावसाळ्यात तर एक दिवसही थांबू नये. पाण्याबरोबर ही घाण नालीत, तिथून नाल्यात आणि तळ्यात जाते.

उचलून टाकायची कुठे?

* फिरायला जाताना रद्दीचे दोन कागद आणि एक रिकामी पिशवी सोबत ठेवा. दुधाची धुतलेली पिशवीही चालते.
* कुत्र्याची विष्ठा घरच्या शौचालयात टाकून पाणी ओतता येते. पिशवी, कागद, खडे मात्र त्यात टाकू नका. मांजराची विष्ठा शौचालयात टाकू नका.
* जागा असेल तर किमान एक फूट खोल खड्डा करून पुरा आणि वर माती लोटा. खड्डा विहीर, बोअर आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर हवा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, त्यामुळे अंतर जास्तच ठेवा.
* घंटागाडीत द्यायची असेल तर ओल्या कचऱ्यात मिसळू नका, कारण त्याचे खत होते. घट्ट गुंडाळून वेगळी द्या आणि आत काय आहे ते सफाई कर्मचाऱ्याला सांगा. पुढे कचरा निवडणारे हात त्याचेच असतात.
* शेवटी साबणाने हात धुवा.

नियम काय सांगतात?

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ ने कचरा वेगळा करण्याची आणि तो रस्त्यावर, उघड्यावर किंवा नालीत न टाकण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्या मालकाला ५०० रुपये दंड ठरवला होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनाही सार्वजनिक जागी प्राण्याने केलेली घाण मालकाने साफ करावी, असाच सल्ला देतात.

‘भटकी कुत्री करतात, त्याचे काय?’

हा प्रश्न रास्त आहे. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचे काम आहे, त्यासाठी नगरपरिषदेकडे, नगरपंचायतीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे आग्रह धरलाच पाहिजे. पण ज्याच्या गळ्यात पट्टा आहे, त्याचा मालक ठरलेला आहे. शिवाय पाळीव कुत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या हातात असते. पिल्लाला दोन आठवड्यांपासून आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, पशुवैद्यकांना विचारून जंताचे औषध देता येते. पोटातच जंत नसतील तर ते मातीत येणार नाहीत. मात्र औषध दिले म्हणून घाण उचलणे सुटत नाही. ती दोन्ही कामे सोबतच करायची आहेत.