घराची दुरुस्ती : सल्ला कोणाचा घ्यावा?



उळवी परिसरात पावसाळा दीर्घ व मुसळधार असतो. येथील जुन्या घरांत जांभा, माती, चुना व मंगळुरी कौले आढळतात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कारखाना काढल्यावर ही कौले सर्वदूर पोहोचली. माती-चुन्याच्या भिंती ओल शोषतात व उन्हाळ्यात बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा व तैलरंग चढविल्यास ओल आतच कोंडते; पोपडे सुटतात, तुळयांची टोके कुजतात.

आमच्या घरी हीच चूक घडली. रंगाच्या छटा हौसेने निवडल्या, भिंतीविषयी मात्र कोणासही विचारले नाही. दोन पावसाळ्यांत देवघराची भिंत फुगली व वडिलांनी जपलेल्या पोथ्या भिजल्या. अखेर एक वृद्ध गवंडी म्हणाले, "आधी पाणी कोठून येते ते पाहा, रंग मागाहून."

म्हणून कौले, पन्हळी व जोते यांविषयी प्रथम जाणत्या गवंड्यास व सुतारास विचारावे. भिंत पाडण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण आढ्याचा भार तिच्यावर असू शकतो. देवघर हलविताना घरातील ज्येष्ठांचे मत घ्यावे. जुन्या भिंतींस चुन्याची सफेदी हितकर. रंगसजावट सर्वांत शेवटी.

कळावे.
सचिव