बिनतारीचा नाद

रेडिओ आपण सगळेच ऐकतो. पण रेडिओला उलट उत्तर देता येत नाही. बातम्या सांगणारा बोलतो, आपण ऐकतो. आपले म्हणणे त्याच्या कानी जात नाही. आता असा रेडिओ डोळ्यांपुढे आणा, की ज्यावर ऐकताही येते नि बोलताही येते. मिरजेचा माणूस हाक मारतो आणि जबलपूरचा ओ देतो. मध्ये तार नाही, टॉवर नाही, कंपनी नाही. याला हौशी रेडिओ म्हणतात. तो चालवणाऱ्याला जगभर 'हॅम' असे नाव आहे.

कोणी म्हणेल, "अहो, मोबाईल खिशात असताना हे लोढणे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मोबाईलचे बोलणे आधी जवळच्या टॉवरला जाते आणि मग पुढे. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की खिशातला मोबाईल मुका होतो. हॅमला काय लागते? एक यंत्र, बारा व्होल्टची बॅटरी आणि झाडाला बांधलेली तार. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायचे, तर सुमारे वीस मीटर तार पुरते. ती मधोमध तोडून तेथे यंत्राची केबल जोडतात. यंत्रातल्या लहरी तारेतून आकाशात जातात. वर फार उंचावर सूर्याच्या उन्हाने विजेचा एक थर बनलेला असतो. त्याच्यावरून लहरी परत खाली वळतात. म्हणून डोंगर आडवा आला तरी अडत नाही. या पट्ट्यावर दिवसा शेकडो किलोमीटरवर बोलता येते आणि रात्री त्याहून पुष्कळ लांब.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या मुलखात हॅम लोक आपली यंत्रे घेऊन गेले आणि निरोप पोचवू लागले. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र चढून आला, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या गेल्या होत्या हौसेनेच, जगभरच्या हॅमांशी बोलायला. फोन बंद पडले तेव्हा त्यांच्याच यंत्रावरून कितीतरी घरांना आपला माणूस जिवंत असल्याचे कळले.

आता येथे जरा थांबू या. अशा वेळी बोलणाऱ्याइतकेच काम लिहिणाऱ्याचे असते. 'पाटील, पिंपळगाव' एवढेच लिहिले तर घात! पिंपळगावे किती, नि पाटील किती! जिवंत माणसाच्या घरी रडारड व्हायची आणि गेलेल्याच्या घरी पेढे. म्हणून पुरे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि वेळ लिहून घेतात, मग तो निरोप सांगणाऱ्याला परत वाचून दाखवतात. त्याने 'बरोबर' म्हटले की मगच पुढे. मंडळात हे काम नव्या माणसाला आधी शिकवतात. ज्याला स्वच्छ अक्षरात लिहिता येते तो तेथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. झाडावर चढणारा, बॅटरी भरणारा, झाळकाम जाणणारा, यांचीही गरज असतेच.

तर मग मंडळात जावे कसे? जवळच्या शहरात चौकशी करावी. इंजिनिअरिंग कॉलेजात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ठाऊक असते. जाऊन बसावे, ऐकावे, विचारावे. तेथे डॉक्टर असतो, तसा वायरमनही असतो. यंत्रापुढे दोघे सारखेच. मात्र परवाना हाती आल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबायचे नाही. तो गुन्हा आहे. परवाना दिल्लीचे दूरसंचार खाते देते, पण त्याआधी परीक्षा असते. विजेची नि रेडिओची साधी माहिती आणि नियम, असे तिचे विषय. प्रश्न इंग्रजीत असतात, हे खरे. एकट्याने घोकण्यापेक्षा मंडळातल्या जुन्या माणसाकडून ते समजून घ्यावेत. शिकवायला ही मंडळी फार हौशी. आम्हांला वाटते, मंडळात जाण्याचा मोठा फायदा हाच.

पास झाल्यावर आपल्याला स्वतःचे हाकेचे नाव मिळते. आपल्याकडे ते बहुधा 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होते. खरखरीत अक्षरे चुकू नयेत म्हणून ती 'व्हिक्टर, युनिफॉर्म' अशी सांगतात. रेडिओवर धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषा वापरायची नाही. सरकारी तारखाते तारा घेईनासे झाले ते २०१३ साली. पण तारेची ती कट्ट-कड हॅम लोक अजून वाजवतात. पुष्कळदा बोलणे झाल्यावर एकमेकांना पोस्टकार्डही पाठवतात.

आता तार बांधण्याविषयी. विजेच्या खांबाजवळ किंवा विजेच्या तारांखालून-वरून एरियल कधीही नेऊ नका. वाऱ्याने दोन्ही तारा भिडल्या तर जीव जाईल. दोर मृगाआधी बदलून टाका. आणि ढग गडगडू लागले की बोलणे तोडा, केबल यंत्रापासून काढा आणि घराबाहेर टाका. पलीकडचा हॅम रागावत नाही. त्याच्याकडेही पाऊस असतो.