सद्दी संपल्यानंतर: मुंबईच्या रणजी संघाविषयीचे काही गैरसमज

मुंबईच्या रणजी संघाचा विषय निघाला, की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या मैदानांच्या कडेला, आणि त्याहूनही अधिक सकाळच्या लोकलच्या डब्यात, एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. तो असा, की १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वेळा अजिंक्यपद मिळवणारा हा संघ एकदा हरला आणि कोसळला. पुढे जे मिळाले ते पूर्वपुण्याईवर मिळाले. आणि मार्च २०२४ मध्ये बेचाळिसावे विजेतेपद पदरात पडले तेही काही नामांकित खेळाडू त्या वेळी मोकळे होते म्हणून. या सिद्धान्तामागे आपुलकी पुष्कळ आहे; परंतु त्यातील एकेक विधान दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहिले असता फारच थोडे टिकते, आणि ज्या अर्थी मुंबई क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्राची हद्द मध्य रेल्वेवर थेट बदलापूरपर्यंत येऊन भिडते, त्या अर्थी हा प्रश्न परक्याच्या घरचा मानून सोडून देणे आपल्याला शोभणारे नाही.

कोसळण्याची गोष्ट प्रथम घेऊ. मार्च १९७४ मध्ये बंगळुरूला उपान्त्य सामन्यात विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांची शतके व प्रसन्नाची फिरकी यांच्या बळावर कर्नाटकाने पहिल्या डावातील आघाडी मिळवली आणि मुंबईची पंधरा वर्षांची सद्दी संपुष्टात आणली, हे खरे. पण पुढच्याच वर्षी, १९७४-७५ मध्ये, विजेतेपद पुन्हा मुंबईकडे आले, आणि त्यानंतरची दोन वर्षेही तिच्याकडेच राहिले. म्हणजे १९५८-५९ ते १९७६-७७ या एकोणीस हंगामांपैकी अठरा मुंबईचे होते. खरा दुष्काळ पुष्कळ पुढे पडला. १९८४-८५ च्या विजयानंतर सलग आठ हंगाम करंडक मुंबईत आला नाही, आणि तो आला १९९३-९४ मध्ये, रवी शास्त्री कर्णधार असताना. दुसरा दुष्काळ २०१५-१६ नंतरचा, जो आठ वर्षांनी मिटला. एका पराभवाने मोठा संघ मोडत नाही. तो मोडतो ते पराभवापूर्वीच कित्येक वर्षे मागच्या फळीची पेरणी थांबलेली असते म्हणून, आणि ती गोष्ट धावफलकावर उशिरा उमटते.

दुसरा समज नामांकितांविषयीचा, आणि तो सर्वांत चिवट आहे. १९७०-७१ च्या मोसमात सरदेसाई, वाडेकर, सोलकर आणि नवखा गावसकर हे सारे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून अजिंक्यपद राखले. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉकवर झाला, तेव्हा पद्माकर शिवलकरांनी तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच बळी घेतले. आणि हा गोलंदाज भारताकडून एकही कसोटी खेळू शकला नाही. ज्याला आपण दुसरी फळी म्हणतो, ती त्या काळी अशी होती. याच्या उलट बाजूही पाहावी. मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरयाणाविरुद्ध अखेरच्या दिवशी ३५५ धावांचा पाठलाग करताना तेंडुलकरने ९६ धावा केल्या, वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले, आणि शेवटचा गडी धावबाद झाला तेव्हा मुंबई फक्त दोन धावांनी हरली. वेंगसरकरांच्या डोळ्यांतले पाणी ज्यांनी त्या दिवशी पाहिले, ते अद्यापि त्याविषयी बोलताना थांबतात. आणि जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर व शार्दूल ठाकूर असे पाचही जण एकाच संघात असताना, घरच्याच वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर, जम्मू-काश्मीरने मुंबईला पाच गडी राखून हरवले. नावांची यादी हा संघाचा दागिना असेल. त्याचा कणा नव्हे.

हल्ली परदेशी खेळांचे वाचन वाढल्यामुळे आणखी एक मत कानी येते: एकदा तळ गाठल्याखेरीज नवी बांधणी होत नाही. ऑस्ट्रेलियातील त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये या मताला काही आधार आहे, कारण तेथे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिला हक्क सामान्यतः तळाच्या संघाला मिळतो. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन अजिंक्यपदे लागोपाठ जिंकलेला हॉथॉर्न पुढे खाली घसरला, आणि तरुणांच्या बळावर २०२४ मध्ये बाद फेरीत परतला. तथापि त्याच देशातील जिलाँगने २००७, २००९ आणि २०११ नंतर तळ न गाठताच, जुन्यांच्या सोबतीने नवे मिसळत मिसळत, २०२२ चे अजिंक्यपद मिळवले. आपल्याकडे तर तशी निवडपद्धतीच नाही. रणजीमध्ये तळाला जाणाऱ्याला हाती काही मिळत नाही, फक्त वरच्या गटातली जागा धोक्यात येते. २००६-०७ मध्ये मुंबई आरंभीचे सामने हरून गुणतक्त्याच्या तळाशी गेली होती; अमोल मुझुमदारच्या नेतृत्वाखाली तिने त्याच मोसमात अजिंक्यपद मिळवले, ते संघ मोडून नव्हे, आहेत त्यांनाच घेऊन.

प्रशिक्षकाच्या किमयेविषयी थोडक्यात. चंद्रकांत पंडितांनी मुंबईला विजेतेपदे मिळवून दिली, मग विदर्भाला २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन, आणि २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशाला, तेही अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवून. त्यांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु विदर्भ त्यांच्यानंतरही २०२३-२४ मध्ये अंतिम फेरीत आला आणि २०२४-२५ मध्ये विजेता ठरला. कारण नागपूरच्या संघटनेने अकादमीतून वयोगटांची मुले घडवण्याचे काम व्यक्तीच्या येण्याजाण्यावर सोडलेले नव्हते. माणूस दिशा देतो. पीक जमिनीतूनच यावे लागते.

मुंबईची जमीन म्हणजे काय? एके काळी तिचे उत्तर सोपे होते: दादर, शिवाजी पार्क, आझाद मैदान, १९४८ पासून डॉ. कांगा यांच्या नावाने ऐन पावसाळ्यात, उघड्या ओल्या खेळपट्ट्यांवर आणि वाढलेल्या गवतात खेळली जाणारी लीग. आणि टाटा, एसीसी, मफतलाल, निर्लॉन यांसारख्या कचेऱ्यांचे संघ, जे मुलाला नोकरी देत आणि संध्याकाळी जाळ्यात सरावाला सोडत. चेंडू कसाही उसळो, विकेट फेकायची नाही, हा जो खडूसपणा मुंबईच्या फलंदाजाला चिकटला, तो त्या चिखलात शिकलेला. कचेऱ्यांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली आणि दादरच्या चाळींतली मध्यमवर्गीय कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरारकडे सरकली, तेव्हा मुंबईचे क्रिकेट संपल्याचा निर्वाळा पुष्कळांनी दिला. वस्तुतः ते संपले नाही. त्याने बिऱ्हाड हलवले. शार्दूल ठाकूर पालघरचा. तुषार देशपांडे कल्याणचा. मुंबईच्या वयोगटाच्या निवडचाचणीत फलंदाजांची रांग फार लांब दिसली म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, असे त्यानेच सांगितलेले आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात दुसऱ्या डावात मुंबईचे नऊ गडी ३३७ धावांवर बाद झाले असताना हाच देशपांडे अकराव्या क्रमांकावर तनुष कोटियनच्या साथीला आला. त्या दोघांनी २३२ धावांची भागी केली. कोटियन १२० वर नाबाद राहिला, देशपांडेने १२३ केल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके ठोकण्याचा प्रसंग प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये यापूर्वी एकदाच, १९४६ मध्ये ओव्हलवर सरवटे आणि बॅनर्जी यांच्या हातून घडला होता. उपान्त्य सामन्यात शतक आले ते शार्दूलचे. अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी नमवताना एकोणीस वर्षांच्या मुशीर खानने १३६ धावा केल्या, तर अखेरचा बळी घेतला तो आपला शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने. मुंबईची नवी बांधणी म्हणतात ती ही: वडील पिढी अजून मैदानात असतानाच धाकट्यांच्या हाती कारभार जाऊ लागणे, आणि त्या धाकट्यांचे पत्ते दादरपासून दूर दूर सरकत जाणे.

मात्र या दूरच्या पत्त्यांची किंमत मुले मोजतात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी बदलापुरात शिरते तेव्हाच तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून अंबरनाथचा किंवा उल्हासनगरचा मुलगा पहाटे उलट दिशेने बदलापूरला जातो आणि तिथून सुटणारी लोकल पकडतो, किट दाराशेजारच्या कोपऱ्यात उभे करून त्याला टेकून उभा राहतो, आणि भायखळा येईपर्यंत ते किट वाटेत आल्याबद्दल चार जणांची बोलणी ऐकून घेतो. एवढा प्रवास करून मैदानावर पोचलेल्या मुलाला जाळ्यात वीस मिनिटे फलंदाजी मिळाली तर तो दिवस चांगला गेला असे समजायचे. संघटनेच्या हद्दीची रेघ बदलापूरपर्यंत ओढली आहे, तर गवती खेळपट्टी, जाळी आणि वयोगटांच्या निवडचाचण्याही त्याच रेघेच्या आत, आणि शक्यतो कल्याणच्या पुढे बदलापूरच्या बाजूला, नियमाने व्हाव्यात, ही मागणी अवाजवी नाही. पुढचा देशपांडे कोणत्या रांगेत उभा राहणार हे ठरण्यापूर्वी तो रांगेपर्यंत पोचला पाहिजे, आणि आज तो पोचतो आहे तो बव्हंशी आपल्या आईबापांच्या पदरमोडीवर.