श्रम, क्लम आणि वीट : कार्यक्लांतीची पूर्वचिन्हे

दीर्घकाळ एकच बौद्धिक काम करणाऱ्या मनुष्याला थकवा यावा, यात नवल नाही. प्रबंधाचे अखेरचे प्रकरण लिहिणारा संशोधक किंवा सत्राच्या शेवटी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणारा अध्यापक थकतो, विश्रांती घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. परंतु या नित्याच्या थकव्याच्या पलीकडे अशी एक अवस्था आहे की, जीत विश्रांतीनेही माणूस पूर्ववत होत नाही. इंग्रजीत तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. मराठीत तिला सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. प्रस्तुत लेखात ‘कार्यक्लांती’ हा शब्द योजला असून त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. ही अवस्था पुरती जडल्यावर सावरणे कष्टाचे असते. म्हणून तिची पूर्वचिन्हे ओळखणे महत्त्वाचे, आणि त्या कामी आपली नित्याची भाषाच पुष्कळ साहाय्य करते.

संज्ञेचा इतिहास

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या अवस्थेचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात स्वयंस्फूर्तीने काम करणारे कार्यकर्ते हा त्याच्या निरीक्षणाचा विषय होता. त्यात त्याला दोन गोष्टी विशेष जाणवल्या. एक म्हणजे, ही अवस्था आळशी माणसाला नव्हे, तर कामाला सर्वस्व वाहिलेल्या माणसाला प्रथम गाठते. दुसरी अशी की, असा माणूस कामाच्या जागी अधिकाधिक तास घालवतो, आणि त्याच्या हातून मात्र कमी कमी काम होते. ख्रिस्तिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली या अवस्थेच्या मापनासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली व तिची तीन अंगे मानली : भावनिक शक्तिपात, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयी कोरडेपणा, आणि स्वतःच्या कर्तृत्वावरील विश्वासाचा ऱ्हास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हिचा समावेश आहे. मात्र तेथे ती रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून नोंदलेली आहे. विद्यार्थी हा रूढ अर्थाने व्यावसायिक नव्हे. तथापि विल्मार शाउफेली व त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली स्पेन, पोर्तुगाल व नेदरलँड्स येथील विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात हीच तीन अंगे अध्ययनाच्या संदर्भात तपासली आहेत.

श्रम आणि क्लम

तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो याने १८९१ साली थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटाने वारंवार वजन उचलावयास लावून स्नायूची शक्ती नोंदणारे यंत्र त्याने बनविले होते. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या अध्यापकांच्या बोटांची शक्ती तेवढ्यापुरती घटलेली त्याला आढळली. बौद्धिक श्रमाचा शीण शरीरातही उतरतो, हे यावरून दिसते. परंतु हा शीण विश्रांतीने भरून निघणारा आहे.

या बाबतीत प्राचीन आयुर्वेदाची परिभाषा लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ या अवस्थेची व्याख्या केलेली आहे. आयास न करता आलेला, धाप न लागता वाढत जाणारा आणि इंद्रियांना आपापले विषय नीट ग्रहण करू न देणारा थकवा म्हणजे क्लम, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या आजच्या कार्यक्लांतीची नव्हे, आणि दोहोंचे ऐक्य मानणे युक्त होणार नाही. तथापि श्रम आणि क्लम हा भेद उपयोगी आहे. ‘विश्रांती’ हा शब्दच मुळी ‘श्रम्’ धातूपासून आलेला आहे. विश्रांती म्हणजे श्रमाचा परिहार. जेथे श्रम हेच कारण आहे तेथे ती गुणकारी ठरते. पुरेशी झोप व दोन-चार दिवसांची सुटी मिळूनही कामाची पहिली आठवण होताच जर पूर्वीचाच जडपणा परत येत असेल, तर ती अवस्था श्रमाची राहिलेली नाही असे समजावे. ‘क्लम्’ धातूपासून बनलेला ‘क्लांती’ हा शब्द येथे योजला तो याच कारणाने.

तीन वाक्ये

कार्यक्लांतीची जी तीन अंगे वर सांगितली, त्यांच्यासाठी मराठीत तीन वेगवेगळ्या वाक्यरचना नित्य वापरात आहेत. ‘मी कामाने थकलो’ ही पहिली. येथे काम तृतीयेत आहे, म्हणजे ते थकव्याचे कारण आहे. कामाविषयी बोलणाऱ्याचे मत काय, हे वाक्य सांगत नाही. थकलेल्या माणसाचे कामावर प्रेम असू शकते. ‘मला कामाचा वीट आला’ ही दुसरी रचना. येथे काम षष्ठीत गेले; ते आता कारण नसून तिटकाऱ्याचा विषय झाले आहे. ‘माझ्याच्याने आता लिहवत नाही’ ही तिसरी. येथे काम वाक्यातून जवळजवळ नाहीसे झाले असून तृतीयेचा प्रत्यय कामावरून निघून बोलणाऱ्यावर येऊन बसला आहे. म्हणजे कारण शोधण्याची दृष्टी बाहेरून आत वळली आहे.

कोणी एकदा ‘कंटाळा आला’ म्हटल्याने काही सिद्ध होत नाही. उद्गार हे लक्षण असू शकते, निदान नव्हे. तिन्ही अंगे सर्वांच्या ठायी याच क्रमाने प्रकटतात असेही नाही. परंतु पहिल्या रचनेची जागा दुसरी घेऊ लागली आणि आठवडेच्या आठवडे तसेच चालले, तर ते पूर्वचिन्ह मानणे इष्ट. तिसरी रचना नित्याची होईपर्यंत थांबू नये.

याच संदर्भात आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘कंटाळा येणे’ आणि ‘कंटाळा करणे’ असे दोन्ही प्रयोग मराठीत होतात. पण ‘वीट येतो’, ‘वीट करतो’ असे कोणी म्हणत नाही. विटलेला माणूस त्या क्रियेचा कर्ता नसतो. विद्यार्थी ‘मला कंटाळा येतो’ असे सांगत असता मार्गदर्शक ‘तो कंटाळा करतो’ असे ऐकतो, तेव्हा केवळ एका क्रियापदाच्या फरकाने अवस्थेचा अपराध होतो. ही गफलत विद्यापीठीय जीवनात फार महाग पडते. कारण अपराधी ठरण्याच्या भीतीने विद्यार्थी पुढे बोलणेच सोडतो.

इतर पूर्वचिन्हे

विद्यापीठाच्या वातावरणात ही चिन्हे काहीशी छद्मरूपाने येतात. प्रकरणाचा मुख्य युक्तिवाद लिहिण्याऐवजी तळटिपा व संदर्भसूची पुन्हा पुन्हा घोटीत बसणे. तेच पान तीनदा वाचूनही टिपण न निघणे. मार्गदर्शकाची भेट आज-उद्या म्हणून लांबविणे. ग्रंथालयात दिवस घालवूनही हाती काही न लागणे. ही संशोधकाची चिन्हे होत. अध्यापकाच्या बाबतीत जुन्या टिपणांवरच भागविणे, प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा राग येणे, विद्यार्थ्यांचा उल्लेख नावाऐवजी सरसकट ‘ही मुले’ असा तुच्छतेने होऊ लागणे, ही चिन्हे दिसतात. झोपमोड, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी व रेंगाळणारी सर्दी यांचा उल्लेख फ्रॉयडेनबर्गरनेही केला आहे.

उपाययोजना

प्रथम शारीरिक कारणांचा निरास करावा. रक्तक्षय, अवटुग्रंथीचे विकार व मधुमेह यांतही सततचा थकवा असतो. त्यासाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक होय. कामाचाच नव्हे तर अन्न, स्नेही, छंद या सर्वांचाच वीट आला असेल, तर तो विषादरोग असण्याचा संभव असतो. जीवन नकोसे वाटू लागले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी आहे.

यानंतर षष्ठीतील नाम नेमके कोणते, हे शोधावे. ‘संशोधनाचा वीट आला’ हे विधान बहुधा फार व्यापक असते. बारकाईने पाहता तो वीट सामग्रीच्या प्रतिलेखनाचा, दर सहामाही अहवालाचा किंवा उत्तर न मिळणाऱ्या पत्रव्यवहाराचा असल्याचे आढळते. मॅस्लॅक व मायकेल लायटर यांनी १९९७ साली माणूस आणि काम यांच्यातील विसंगतीची सहा क्षेत्रे सांगितली : कामाचा भार, कामावरील ताबा, मोबदला व मान, सहकाऱ्यांचा समूह, न्याय आणि मूल्ये. आपला वीट यांपैकी कोठे बसतो हे कळले की उपायही नेमका होतो. भार जास्त असेल तर सुटी उपकारक. पण अन्याय हे कारण असेल तर सुटीवरून परतल्यावर तोच अन्याय दाराशी उभा असतो.

तिसऱ्या वाक्यावर एकट्याने उपाय करणे कठीण असते. तेथे दुसऱ्याची दृष्टी लागते. संपूर्ण प्रकरणाऐवजी चार पाने लिहून ती ठरल्या दिवशी मार्गदर्शकाने वाचावी. पुऱ्या झालेल्या छोट्या कामांचा पुरावा हाच कर्तृत्वावरील विश्वास परत आणतो. कोरडे प्रोत्साहन पुरत नाही.

अखेरीस विभागाचे कर्तव्य उरते. कामांची आलटापालट, तासांना मर्यादा आणि परस्परांचे साहाय्य हे उपाय फ्रॉयडेनबर्गरने सुचविले, ते व्यक्तीपेक्षा संस्थेच्या हातातले आहेत. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाला न घेतलेल्या तासाचे मानधन मिळत नाही. त्याला विश्रांतीचा उपदेश करणे म्हणजे स्वतःच्या खर्चाने बरे होण्यास सांगणे होय. ज्या विभागात ‘मला वीट आला आहे’ हे वाक्य अपराधाची कबुली न ठरता निर्भयपणे उच्चारता येते, तेथे पूर्वचिन्हे वेळीच कळतात. कार्यक्लांतीच्या प्रतिबंधाची पहिली पायरी हीच होय.