व्यायामाचे फळ केव्हा दिसते?

“महिनाभर नेमाने चाललो, पण वजनाचा काटा तसूभरही हलला नाही.” रक्तदाब किंवा मधुमेहाच्या तपासणीसाठी येणाऱ्या अनेकांच्या तोंडी हे वाक्य असते, आणि पुष्कळदा तोपर्यंत चालणे बंदही झालेले असते. आपणही अशाच टप्प्यावर असाल, तर त्या महिन्यात शरीरात काय घडले हे आधी जाणून घ्यावे.

व्यायामाचा परिणाम मोजण्यासाठी वजनकाटा हे फार अपुरे साधन आहे. साठ-पासष्ट किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालली, तर साधारण १०० ते १५० कॅलरी खर्च होतात. एका समोशात याहून अधिक असतात. त्यामुळे आहारात बदल न करता केवळ चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही. मात्र शरीराला लाभ होत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही.

पहिला लाभ पहिल्याच दिवशी सुरू होतो. चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर इंधन म्हणून वापरतात आणि त्यानंतर साधारण एक ते दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. हा परिणाम साठवून ठेवता येत नाही. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. रविवारी एकदम दोन तास चालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘एचबीएवनसी’ ही तपासणी मात्र मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, कारण रक्तातील लाल पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तीन आठवड्यांच्या व्यायामानंतर केलेल्या या तपासणीत पूर्ण फरक दिसणार नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्येही काही आठवड्यांच्या नियमित व्यायामाने वरचा आकडा सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. आकडा लहान वाटतो, पण हृदयविकार व पक्षाघाताचा धोका घटवण्याच्या दृष्टीने तो मोलाचा आहे.

स्नायूंची गोष्ट वेगळी. उठाबशा किंवा वजन उचलण्याचे व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना अधिक कुशलतेने कामाला लावू लागल्यामुळे. स्नायूंचा आकार डोळ्यांना जाणवण्याइतका वाढण्यास दोन ते तीन महिने लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश बळकट होतात आणि हाडांना तर कित्येक महिने लागतात. दुखापतींचे मूळ बहुधा येथेच असते. दम लागणे कमी होते, उत्साह वाढतो, मनुष्य एकाच आठवड्यात अंतर दुप्पट करतो; गुडघा वा टाच मात्र त्या भाराला अजून तयार नसते. मग दुखणे, विश्रांती आणि पुष्कळदा कायमचा खंड. प्रारंभी दहा मिनिटे चालावे व दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. हा वेग कंटाळवाणा वाटेल, परंतु टिकणारा आहे.

प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. एवढा वेळ मिळत नसल्यास मिळेल तेवढा द्यावा. थोडे चालणे हे न चालण्यापेक्षा निश्चितच बरे.

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्वत्र सांगितले जाते. त्यावर विसंबू नये. लंडन येथील संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागले, आणि व्यक्तिपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, असेही त्यात आढळले.

खंड तर पडणारच. दिवाळी, घरातील लग्नकार्य, मुंबईचा पाऊस, उत्तर भारतातील हिवाळ्याची दूषित हवा किंवा मे महिन्यातील ऊन यांपैकी काहीतरी आडवे येतेच. अशा दिवसांत घरातच जागच्या जागी चालणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे यांवर भागवावे. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर दम कमी पडू लागतो, पण कमावलेली ताकद पुन्हा मिळवण्यास पहिल्यापेक्षा कमी काळ लागतो. परतताना पूर्वीच्या निम्म्यावर सुरुवात करावी. अंगात ताप असताना व्यायाम करू नये.

बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी चालताना खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, घाम फुटणे, भोवळ येणे ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. मधुमेहींनी घरी आल्यावर पायांचे तळवे पाहावेत. छातीत दाब किंवा वेदना, अवाजवी धाप अथवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. हृदयविकार असलेल्यांनी व्यायामाचा आरंभच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

घरातील दिनदर्शिकेवर चाललेली मिनिटे रोज लिहून ठेवावीत. वजनाऐवजी कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा आणि त्याच जिन्याने चढताना कितव्या पायरीवर दम लागतो, तेही टिपावे. तीन महिन्यांनी ही नोंद घेऊन जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तीस वर्षे व त्यावरील सर्वांसाठी रक्तदाब व मधुमेहाची तपासणी तेथे विनामूल्य होते.