बांधा आणि बेत

आरशापुढे उभे राहून दुसऱ्याच्या बांध्याचा हेवा करणारे पुष्कळ असतात. त्यांनी बीड जिल्ह्यातील दोन खेळाडूंकडे पाहावे. पाटोद्याचे श्री. राहुल आवारे हे मल्ल. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे श्री. अविनाश साबळे हे सडपातळ धावपटू. एकाची अंगकाठी दुसऱ्यास देऊन पाहा. दोघांचीही पदके जातील! उंची आणि हाडांची ठेवण ही जन्माची मिळकत होय. व्यायामाने वाढतो तो दम आणि वाढते ते बळ.

तेही किती बेताबेताने! साबळे ह्यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे तेच अंतर त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत तोडले. सहा वर्षांच्या अखंड मेहनतीचे फळ वीस सेकंदांहून किंचित कमीच! आणि आम्ही मात्र दिवाळीच्या फराळानंतर महिन्याभरात कंबर चार इंच उतरविण्याचा संकल्प सोडतो. त्यापेक्षा आज दोन जिने चढताना जितकी धाप लागते, तितकी पुढील महिन्यात तीन जिन्यांनंतर लागावी, एवढाच बेत करावा. आणि शिंप्यास माप द्यावे ते आज आहे त्याच अंगाचे.